स्ट्रासबर्गच्या न्यायालयात त्रयस्थ पक्ष म्हणून म्हणणे मांडताना

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात त्रयस्थ पक्ष म्हणून, म्हणजे अर्जदार किंवा सरकार यांपैकी कोणीही नसताना, लेखी म्हणणे दाखल करताना न्यायालयाने आम्हाला कुठेही अडवले नाही. अडवले ते आमच्याच बाजूच्या एका संस्थेने, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रकरण आश्रय मागणाऱ्या कुटुंबांतील लहान मुलांना स्थानबद्ध ठेवण्याविषयीचे होते. अर्ज संबंधित सरकारकडे पाठवला गेल्याची नोंद आणि न्यायालयाने पक्षकारांना विचारलेले प्रश्न न्यायालयाच्या ‘हूडॉक’ या संकेतस्थळावर दिसले. युरोपीय मानवी हक्क करारनाम्याचे कलम ३६ आणि न्यायालयाचा नियम ४४ यांनुसार परवानगी मागण्यास १२ आठवड्यांची मुदत असते. आम्ही इंग्रजीत विनंती पाठवली आणि परवानगी मिळाली. सोबतच्या अटी नेहमीच्याच होत्या : निवेदन १० पानांच्या आत असावे, आणि त्यात या प्रकरणातील वस्तुस्थितीवर किंवा निकाल कोणाच्या बाजूने लागावा यावर काहीही लिहू नये.

ही दुसरी अट एका भागीदार संस्थेच्या विधी विभागाच्या गळी उतरेना. मसुद्यात आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारनाम्याच्या कलम ३७ मधील ‘अखेरचा उपाय आणि कमीत कमी काळ’ हे तत्त्व घेतले होते, स्थलांतराच्या कारणावरून मुलांना कोंडून ठेवूच नये ही संयुक्त राष्ट्रांच्या दोन समित्यांची २०१७ सालची संयुक्त भूमिका मांडली होती, आणि ‘पोपोव्ह विरुद्ध फ्रान्स’ या २०१२ च्या निकालापर्यंत न्यायालयाची स्वतःची भूमिका कशी कडक होत गेली ते दाखवले होते. त्या विभागाला मात्र त्यात या कुटुंबाच्या हालअपेष्टांचा एक परिच्छेद हवा होता. त्यावाचून निवेदन ‘कोरडे’ वाटते, असे त्यांचे म्हणणे. कुटुंबाची कैफियत मांडायला कुटुंबाचा वकील आहे, आपण तीच पुन्हा गायलो तर आपण त्रयस्थ उरत नाही आणि तो मजकूर न्यायालय विचारातही घेणार नाही, हे मी पुनःपुन्हा लिहून कळवले. प्रत्येक वेळी उत्तर निराळ्याच व्यक्तीकडून येई आणि त्यात विषय अंतर्गत समितीपुढे ठेवला असल्याचे कळवलेले असे. ती समिती कधी बसते, हे मात्र कोणीच सांगत नसे. इकडे दाखल करण्याची तारीख जवळ येत होती, आणि वाढीव मुदत मागण्याची सूचना त्याच विभागाकडून आली तेव्हा माझा संयम संपला. मी कळवले की ठरलेल्या दिवसापर्यंत लेखी संमती आली नाही तर निवेदन त्यांच्या नावाविना जाईल. संमती त्याच संध्याकाळी आली, आणि परिच्छेदाचा त्यात उल्लेखही नव्हता.

म्हणून एकत्र निवेदन देणाऱ्यांनी परवानगीची विनंती पाठवण्याआधीच, अंतिम मसुद्याला मान्यता कोण देणार त्या एकाच व्यक्तीचे नाव प्रत्येक संस्थेकडून लेखी घ्यावे, आणि उत्तर न आल्यास त्या संस्थेचे नाव वगळले जाईल हेही तेव्हाच ठरवून ठेवावे. विनंतीविषयी आणखी एक सांगायचे राहिले : संस्थेचा या विषयातील अनुभव काय, आणि पक्षकारांना सापडणार नाही असे कोणते साहित्य ती पुढे ठेवणार, हे त्यात नेमके लिहावे, अर्जदाराशी किंवा त्याच्या वकिलाशी संबंध असेल तर तोही सांगून टाकावा.

निवेदनाची प्रत दोन्ही पक्षांकडे जाते आणि त्यांना उत्तर देता येते. सरकारने आमच्या निवेदनावर आक्षेप घेतला, पण तो आम्ही काढलेल्या कायदेशीर निष्कर्षांवर होता. वस्तुस्थितीत शिरल्याचा आरोप त्यांना करता आला नाही, याचे मला आजही समाधान आहे.