आमची वाटचाल: आग विझल्यानंतरचं काम

सुरुवात सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटने, म्हणजे इमारत किती मजबूत आहे याच्या तपासणीने झाली. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात तीस वर्षं उलटलेल्या इमारतींना तोटा नाही, त्यामुळे पोटापुरतं काम मिळत गेलं. ऑफिस म्हणजे भाड्याचा गाळा, स्वतःचा एक रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा मोजणारा हातोडा) आणि लागेल तेव्हा भाड्याने आणलेलं अल्ट्रासोनिक मशीन (ध्वनिलहरी सोडून काँक्रीट आतून तपासणारं). आगीच्या कामाकडे, म्हणजे जळालेली इमारत वापरण्याजोगी उरली का हे तपासण्याकडे, काही ठरवून वळलो नाही. भिवंडीतल्या एका जळालेल्या गोदामासाठी विम्याच्या सर्व्हेयरने बोलावलं आणि तिथून नंबर फिरला.

फोन करणाऱ्याला एकच ऐकायचं असतं, "साहेब, राहायला जाऊ ना?" पाठोपाठ सांगतात, "सगळं साफ करून ठेवलंय, तुम्ही फक्त या." झालं! आमचा निम्मा पुरावा कचऱ्याच्या गाडीतून गेलेला असतो. आग किती तापली होती हे आम्हाला मलब्यावरूनच ओळखायचं असतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना. एका फ्लॅटमध्ये स्लायडिंग खिडकीची चौकट ओघळून ओट्यावर थिजली होती, पण त्याच उंचीवरच्या वायरीतलं तांबं जसंच्या तसं. तापमान कोणत्या दोन आकड्यांमध्ये होतं ते तिथेच कळलं. उंचीही बघावी लागते, कारण धग वर साचते; कॉलमचा पाया धडधाकट आणि स्लॅबचा तळ सोललेला, हे नेहमीचंच.

साधारण ३०० अंशांपुढे काँक्रीटची ताकद उतरायला लागते. पुस्तकात लिहिलंय की ते गुलाबी पडतं. आपल्याकडच्या काळ्या खडीत तो रंग धड दिसत नाही, म्हणून आम्ही रंगावर विसंबत नाही. आधी हातोडी. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर खडूने खूण. मग अल्ट्रासोनिक, आणि तेही न जळालेल्या बीमवर पहिल्यांदा. शेजारी तो आकडा नसेल तर जळालेल्या बीमच्या आकड्याला अर्थ नाही. शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना, कापून काढतो. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरच्या ताकदीची सरासरी ग्रेडच्या, म्हणजे काँक्रीटच्या ठरलेल्या ताकदीच्या, ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. दिलासा एवढाच की काँक्रीट उष्णता सावकाश आत घेतं. थोडा वेळ चाललेल्या आगीत सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, भाजतं, गाभा बहुधा वाचतो.

खरी काळजी सळईची. तापलेली सळई थंड झाल्यावर बरीचशी सावरते, पण जुन्या इमारतींतली थंड पीळ दिलेली (न तापवता पिळून ताकद वाढवलेली) सळई साडेचारशे अंशांपुढे गेली की तिची कमावलेली ताकद परत येत नाही. म्हणून कमी भाराच्या जागेतून तुकडा कापून लॅबमध्ये ताणून बघतो. सोसायटीवाले यालाच सर्वांत जास्त विरोध करतात. "आधीच जळलंय, त्यात तुम्ही कापताय?" पीव्हीसी भरलेल्या गोदामात आणखी एक भानगड असते. त्याच्या धुरातून क्लोराइड काँक्रीटवर बसतं आणि सळई पुढे सावकाश गंजत राहते. रंगरंगोटी केली की कुणाला दिसतही नाही.

धंद्याचा एक निर्णय मात्र सुरुवातीलाच घेतला: दुरुस्तीचं कंत्राट घ्यायचं नाही. पैसा तिथेच आहे, हे माहीत आहे. भागीदाराशी यावरून दोनदा चांगलंच वाजलं. पण "तोडा" म्हणणाऱ्यानेच तोडायचं बिल लावलं तर त्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवेल? आज सर्व्हेयर परत परत बोलावतात ते यामुळेच, असं मला वाटतं. भागीदाराचं मत अजून वेगळं आहे.

आता कोअर कटिंग मशीन स्वतःचं आहे आणि दोन तरुण इंजिनिअर हाताशी आहेत. सध्या कल्याणच्या एका इमारतीचं काम चालू आहे. कोअर निघाले, सळईचे तुकडे लॅबला गेले. रिपोर्ट येईपर्यंत एकही टेकू हलवायचा नाही, हे अध्यक्षांकडून लेखी घेतलंय. खालच्या दुकानदाराची सहीसुद्धा घेतलीय, कारण टेकू त्याच्याच गाळ्यात आहेत.