आज ओट्याशी उभी राहिले

खुब्याचा सांधा बदलल्यापासून आज पहिल्यांदा वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेले. खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. पण ह्यांचं डायलिसिस सुरू आहे, आणि ह्यांचं पथ्य दुसऱ्यावर सोपवायला मन धजत नाही. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. मीठ बेताचंच. कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या रश्श्याविना राहणं किती जड जातं, मला दिसतं ना! तरी चकार शब्द काढत नाहीत. आज चार तास मशीनवर काढून गळून गेले होते, पण घरात आल्या आल्या आधी वाटेतलं पायपुसणं उचललं, माझा वॉकर अडकू नये म्हणून. भरून आलं मला. भाकऱ्या मात्र शेजारच्या वहिनींनी थापून दिल्या; तेवढा वेळ उभं राहणं अजून जमत नाही.