अप्रेझलच्या फॉर्मात स्वभाव लिहू नका

ऑफिसात न्यूरोडायव्हर्सिटीवर, म्हणजे माणसांचे मेंदू वेगवेगळ्या पद्धतीने चालतात या विचारावर, सत्र होतं, कॉरिडॉरमध्ये पोस्टर लागतं, आणि मार्चमध्ये अप्रेझल आलं की फॉर्मात पुन्हा तेच: 'अ‍ॅटिट्यूड सुधारायला हवा'. भाषा बदलायची तर सुरुवात या फॉर्मापासून करा असं मी आग्रहाने म्हणेन. पगारवाढ, बढती, कधी कधी नोकरीच त्यातल्या दोन-चार वाक्यांवर ठरते.

आपल्या तोंडात शब्द तयारच असतात: धांदरट, वेंधळा, तुसडा, माणूसघाणा, कायम तंद्रीत. फॉर्मात त्यांचं 'केअरलेस', 'टीम प्लेअर नाही', 'ओनरशिप घेत नाही' असं होतं. हे शब्द स्वभावावर बोट ठेवतात. लिहिणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि वाचणाऱ्याला उद्यापासून वेगळं काय करायचं हे कळत नाही. एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अडचण) किंवा ऑटिझम असलेल्या माणसाने हे शेरे शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून वाचलेले असतात, त्यामुळे ते पुन्हा लिहून काहीच हलत नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: काय घडलं, त्याने कामाचं काय झालं, पुढे काय करायचं. 'केअरलेस'च्या जागी असं: 'एप्रिल ते जूनमध्ये तीन इनव्हॉइसांत जीएसटी क्रमांक चुकला, त्यामुळे ग्राहकाकडून पैसे उशिरा आले. यापुढे क्रमांक हाताने टाइप न करता ग्राहकांच्या यादीतून निवडायचा. ती सोय अकाउंट्स विभाग १५ तारखेपर्यंत करून देईल.' जीएसटी क्रमांक १५ अक्षरा-आकड्यांचा असतो. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला 'नीट बघून टाक' म्हटल्याने आकड्यांची अदलाबदल थांबत नाही. टाइप करण्याची पायरीच काढली तर थांबते. आणि तिसऱ्या वाक्यात ऑफिसनेही काही करायचं आहे. ते वाक्य रिकामं राहिलं तर फॉर्म अर्धाच भरला असं समजा.

'नजरेला नजर देत नाही', 'एकटाच जेवतो', 'पार्टीला येत नाही' हे शेरेही येतात. ते खोडून बघा. कामाचं काही बिघडलेलं दिसत नसेल तर खोडलेलेच राहू द्या. 'मीटिंगमध्ये बोलत नाही' हा शेरा मात्र तपासून घ्या, कारण बऱ्याचदा अजेंडा मीटिंगमध्ये बसल्यावरच कळलेला असतो. तो आदल्या दिवशी पाठवा आणि मत मीटिंगनंतर २४ तासांत लिहून दिलं तरी चालेल असं कळवा. शेरा लिहायचाच असेल तर त्यानंतर लिहा.

रोजच्या सूचनांची गंमत वेगळी नाही. आपण सौजन्याने बोलतो आणि त्यातच नेमकेपणा हरवतो. 'जरा बघून घे', 'वेळ मिळाला की कर', 'थोडं नीट कर.' 'वेळ मिळाला की' म्हणजे आज संध्याकाळपर्यंत, हे काहींना आपसूक कळतं. शब्दांचा सरळ अर्थ घेणारा माणूस खरोखर वेळ मिळेपर्यंत थांबतो आणि मग त्याच्या नावावर दिरंगाई लागते. म्हणून सूचना लिहून द्या: काय, कोणत्या स्वरूपात, कधीपर्यंत, कोणाला द्यायचं, अडलं तर कोणाला विचारायचं. 'कळलं ना?' विचारू नका, त्याला उत्तर 'हो' हेच येतं. 'सुरुवात कुठून करशील?' विचारलं की गफलत तिथेच सापडते. साहेबांचा 'संध्याकाळी बोलू' एवढाच मेसेज आला तर दिवसभर कामात लक्ष लागत नाही. 'पाचला दहा मिनिटं बोलू, पुढच्या आठवड्याच्या शिफ्टबद्दल' लिहायला किती वेळ लागतो?

नावांबद्दल थोडक्यात. टीम न्यूरोडायव्हर्स असते, म्हणजे तिच्यात वेगवेगळ्या पद्धतीने विचार करणारी माणसं असतात. ज्याचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळा चालतो तो एकटा माणूस न्यूरोडायव्हर्जंट. 'ऑटिझमग्रस्त', 'पीडित' नको. 'ऑटिस्टिक' म्हणायचं की 'ऑटिझम असलेली' हे त्या व्यक्तीलाच विचारा. डीएसएम-५ ने (मानसिक निदानांच्या अमेरिकी नियमावलीने) २०१३ मध्ये अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदान काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं, पण त्याआधी निदान झालेलं कोणी तो शब्द स्वतःसाठी वापरत असेल तर दुरुस्त करायला जाऊ नका. 'हाय फंक्शनिंग' (म्हणजे 'याचं तसं सगळं नीट चालतं') हा शिक्का सोडून द्या: तो चिकटला की मदत मागायची सोय राहत नाही. ऑटिझमला किंवा एडीएचडीला 'सुपरपॉवर' म्हटल्यानेही तेच होतं.

कोणी आपणहून सांगितलं तर 'अरे, वाटत नाही हं तुझ्याकडे बघून' आणि 'सगळ्यांनाच थोडंफार असतं' ही दोन वाक्यं गिळून टाका. तीन प्रश्न पुरतात. कामात नेमकं कुठे अडतं? कशाने सोपं होईल? हे आणखी कोणाला कळलेलं चालेल? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच राहून जातो. मग ठरलेल्या सोयी ईमेलने कळवताना सीसीत पाच जण असतात आणि निदान मजलाभर होतं. ईमेलमध्ये फक्त सोय लिहा, निदान नको. चार आठवड्यांनी ती उपयोगी पडते का ते विचारा.

कायद्याची भाषाही माहीत हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत. डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया (लिहिण्यात अडचण), डिस्कॅल्क्युलिया (आकडेमोडीत अडचण) अध्ययन अक्षमतेत येतात. एडीएचडीचं नाव यादीत नाही. समान संधी धोरण खाजगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधांचा तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक लागते. बरीच धोरणं कायद्यातली वाक्यं उतरवून थांबतात. मग एडीएचडी असलेल्या माणसाने हेडफोन मागितले की एचआर म्हणतं, यादीत नाही, सर्टिफिकेट आणा. यावर उपाय धोरणातच एका परिच्छेदाचा आहे. 'पुढील सोयी कोणत्याही कर्मचाऱ्याला वैद्यकीय कागद न मागता मिळतील' असं लिहा आणि खाली सोयी मांडा: आवाज रोखणारे हेडफोन, लेखी सूचना, आदल्या दिवशी अजेंडा, ये-जा कमी असलेल्या कोपऱ्यातली जागा, मुलाखतीचे प्रश्न आधी मिळणं.