सत्तेचाळीस नंबरची सायकल

गिऱ्हाइकाला "ही घेऊ नका" म्हणणारा मेकॅनिक फार दिवस नोकरीत टिकत नाही. मी टिकलो, कारण आमच्या शेठजींचा राग पोह्यांची प्लेट संपेपर्यंतच राहतो.

इंदूरमधलं आमचं दुकान तसं मध्यमच. पुढच्या भागात लहान मुलांच्या आणि गिअरच्या साध्या सायकली, आत काचेच्या दाराआड रोड बाइक, म्हणजे पातळ टायरच्या वेगवान सायकली. वडील रामबागेच्या तोंडाशी पंक्चरं काढायचे, मी टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, कार्बनच्या सायकली आवळतो. धंदा तोच, फक्त हात काळे होण्याचं प्रमाण कमी झालंय.

ज्या ताईंना मी "ही घेऊ नका" म्हटलं, त्या पेशानं भूलतज्ज्ञ. राहायला लोकमान्य नगरात. पहाटे हायब्रिड सायकलवर सुपर कॉरिडॉरला चकरा मारायच्या आणि आता त्यांना २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची होती. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर. वेग फार लागत नाही, पण इतका वेळ सायकलवर बसणं सोसायला हवं. कार्बन फ्रेम, बॅटरीवर बदलणारे १०५ डीआयटू गिअर, डिस्क ब्रेक, असं सगळं वाचून ठरवून आल्या होत्या. उंची पाच फूट एक इंच.

दुकानात त्या मॉडेलच्या दोनच सायकली होत्या, ५२ आणि ५६. हे आकडे फ्रेमच्या मापाचे, आकडा लहान तेवढी सायकल लहान. शेठजींनी ५२ बाहेर काढली. "थोडी बडी लगेगी, स्टेम छोटा कर देंगे, सीट आगे. बस." वर बाटलीचा स्टँड आणि वर्षभराची सर्व्हिस फुकट.

हे "बस" मी आजवर पुष्कळ ऐकलंय. स्टेम म्हणजे हँडलला पुढच्या फोर्कशी जोडणारा तुकडा. १०० मिलिमीटरचा स्टेम काढून ७० चा लावला की हँडल जवळ येतं खरं, पण सायकल नको तेवढी चपळ होते. उतारावर जरा खांदा हलला की ती वळायला बघते. सीट पुढं ढकलली की गुडघा पेडलच्या पुढं जातो, अंगाचं वजन तळहातांवर येतं आणि शंभराव्या किलोमीटरला बोटं बधिर. ५२ सोबत हँडल येतं ४२ सेंटिमीटरचं, ताईंचे खांदे ३८ चे. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा, त्यांना हवा १६५. शिवाय आता ब्रेकच्या नळ्या स्टेमच्या आतून हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, जातात. म्हणजे स्टेम बदलायचा तर नळ्या सोडा, पुन्हा जोडा, तेल भरा, हवा काढा. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचं ते काम आता अर्धा दिवस खातं, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईकच देतं.

ताईंनी शेठजींना नाही, मला विचारलं. "दादा, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

मी म्हटलं, "सत्तेचाळीस मागवली असती. आपल्याकडे नाही. कंपनीकडे टाकली तर कधी येईल सांगता येत नाही."

शेठजी गल्ल्यावरून उठून बाहेर गेले.

त्यांची बाजूही सांगायला हवी. अडीच-तीन लाखांचा एकेक नग मागवायचा म्हणजे तेवढा पैसा काचेमागं अडकवून ठेवायचा. सगळ्यात जास्त खपतात मधली मापं, म्हणून तीच येतात. ४७ मागवली आणि ताईंसारखं कुणी वर्षभर आलंच नाही, तर पुढच्या वर्षीचा रंग आला की तिची किंमत उतरते. आधीच या सायकलींवर आयातशुल्क. जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा गिऱ्हाईक खूश झालं, पण दुकानात आधीच पडलेल्या मालाचा हिशेब करताना शेठजींच्या कपाळावर आठ्याच होत्या. म्हणून गावोगावच्या दुकानांत बुटक्या माणसाला आणि बहुतेक बायकांना "स्टेम छोटा कर देंगे" ऐकावं लागतं. यात कुणाची लबाडी नसते, पण सायकल चुकीचीच गळ्यात पडते.

दुसऱ्या एका शहरातल्या विक्रेत्याच्या ऑनलाइन दुकानात ४७ होती, आदल्या वर्षीच्या रंगात, आमच्या भावाहून बऱ्यापैकी स्वस्त. मी ताईंना म्हटलं, मागवा, पण आधी कंपनीच्या साइटवर बघा, हा विक्रेता त्यांच्या अधिकृत डीलरांच्या यादीत आहे का. मोठ्या कंपन्या फ्रेमची दीर्घ वॉरंटी देतात ती पहिल्या मालकाला, अधिकृत डीलरच्या बिलावर. बिलावर फ्रेम नंबर मागून घ्या. आणि खोकं घरी उघडू नका, इथं आणा. टेप कापण्यापासून व्हिडिओ.

"एवढं?" त्या हसल्या.

एवढं. इंदुरातले जुने रायडर विगल आणि चेन रिॲक्शन या ब्रिटिश दुकानांतून सुटे भाग मागवायचे. २०२३ मध्ये दोन्ही डबघाईला येऊन प्रशासकांच्या हाती गेली आणि ज्यांचे परतीचे पैसे अडकले होते ते बसले ईमेल करत. समोर काउंटर असला की निदान त्यावर हात आपटता येतो.

खोकं आलं त्या दिवशी रविवार होता. टेम्पोवाल्यानं ते आडवं आणलं होतं, बाणाची खूण आकाशाकडे असायची ती शेजारच्या साडीच्या दुकानाकडे. ताई आल्या, सोबत त्यांचे सासरे. आबा इंदूर खंडपीठात वकिली करून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या कामाच्या स्टुलावर बैठक मारली आणि मोबाइल असा धरला, जणू साक्ष नोंदवताहेत. शेठजी काउंटरवरून एकदाच बोलले, "माल उनका, गोदाम हमारा?" आणि पेपर वाचू लागले.

टेप कापली. हँडल सुटं करून फ्रेमला बांधलेलं, पुढचं चाक काढून बाजूला, सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, वेगळा. पेडल नव्हते, या किमतीच्या सायकलींना ते देत नाहीत. पुढच्या फोर्कच्या दोन पायांत एक प्लास्टिकचा अडसर असतो, दाबानं फोर्क चेपू नये म्हणून. तो होता. ब्रेक पॅडमधली पिवळी चकती होती. हे पाहून मी जरा निवांत झालो, पॅकिंग करणाऱ्याला काम येत होतं.

मग फोम सोडवताना वरच्या दांड्यावर, सीटपासून वीतभर अंतरावर, फोम फाटलेला दिसला. खाली रंगाला नखाएवढी खूण आणि तिच्याभोवती बारीक रेषा.

लोखंडी फ्रेम असती तर मी बोट फिरवून पुढं गेलो असतो. कार्बनमध्ये कापडाचे थर राळेत बसवलेले असतात. बाहेरून टोकदार दाब आला की वरचा रंग किंचित तडकतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. लोखंड वाकतं, कुरकुरतं, आधी सांगतं. कार्बन बऱ्याचदा न सांगताच जातं. त्यात वरचा दांडा सगळ्यात पातळ. त्याला दुरुस्तीच्या स्टँडमध्येसुद्धा पकडत नाहीत, सीटपोस्टला पकडतात.

मी कापूस फिरवला. एका रेषेवर त्याचा धागा अडकला. मग रुपयाचं नाणं घेतलं आणि सीटच्या बाजूनं ठोकत आलो. टक, टक, टक. खुणेजवळ आवाज बसला, मेलेला आला. पुढं पुन्हा टक. जिथं आवाज बदलला तिथं तिथं मार्करनं ठिपके दिले. ठिपके जोडले तर खूण नखाएवढी आणि डाग लिंबाएवढा. नाण्याची परीक्षा काही शेवटचा शब्द नाही, त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात. पण ताई ज्या सायकलवर भेरूघाट उतरणार, तिच्याबाबत एवढा संशय मला पुरेसा होता.

आबांनी विचारलं, "हे वाहतुकीत झालं की आधीच होतं? सिद्ध काय करता येईल?"

प्रश्न बरोबर होता. पुढचं चाक जसं बांधलं होतं तसं मी परत ठेवून पाहिलं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, टोकाची टोपी बरोब्बर खुणेवर बसली आणि टोपीच्या कडेला लाल रंगाची भुकटी. आबा मोबाइल इतका जवळ घेऊन गेले की माझ्या हाताला लागला.

ताईंनी विक्रेत्याला फोन लावला. माणूस गोड होता. म्हणाला, फक्त पेंट आहे, टच-अप करून घ्या, आम्ही दोन हजार देतो. ताई म्हणाल्या, मेकॅनिकचं मत वेगळं आहे. मग फोन माझ्याकडे. "भाई, आप लिख दो ना कॉस्मेटिक है, मामला खतम." मी म्हटलं, मला नाही लिहिता येणार. लगेच सूर बदलला, "मग तुमच्याकडे जोडतानाच झालं असेल." जोडायला मी अजून हातही लावला नव्हता आणि व्हिडिओत ते सगळं होतं.

वॉरंटी इथं कामाची नाही, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते. वाटेत मोडलं तर ते विकणाऱ्यानं आणि कुरिअरनं आपसात बघायचं, पण गिऱ्हाइकाला उत्तर विकणाऱ्यानंच द्यायचं. त्यासाठी कुणीतरी दुकानाच्या कागदावर तपासणी लिहून द्यायला हवी होती. आणि तो विक्रेता आमच्याच ब्रँडचा डीलर. शेठजींनी सही केली तर कंपनीचा माणूस उद्या विचारणार, तुमच्यात भांडण का. वर, विक्री गेली म्हणून सूड घेतला असंही म्हणायला मोकळा.

मी लेटरहेड घेऊन गेलो तेव्हा शेठजींनी ते उलटं ठेवलं. चहा मागवला. आबांनाही दिला. नंतर उठून सायकलपाशी आले, माझ्या हातातलं नाणं घेतलं आणि स्वतः ठोकलं. एकदा पुढं, एकदा ठिपक्यांच्या आत. पुन्हा पुढं.

"टूटा है मत लिखना," ते मला म्हणाले. "जो दिखा वो लिखो, जो सुना वो लिखो. नाप लिखो."

तसंच लिहिलं. कुठं, किती मिलिमीटर, कापूस अडकला, आवाज बदलला, हबची टोपी आणि खूण जुळते, जोडणी केलेली नाही. शेवटी एक ओळ, या स्थितीत सायकल चालवण्यास योग्य नाही असं आमचं मत. शेठजींनी सही केली, शिक्का मारला आणि शिक्का पुसट आला म्हणून दुसऱ्यांदा मारला.

आबांनी तिथंच स्टुलावर ईमेल लिहिला. मराठी माणूस इंग्रजीत चिडला की फार व्यवस्थित लिहितो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे तारखांना तुम्हाला इंदूरला यावं लागेल, हे त्यांनी असं लिहिलं की आमंत्रणच वाटावं. खाली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आणि व्हिडिओची लिंक.

तरी आठवडाभर टोलवाटोलवी चाललीच. कुरिअर म्हणे खोक्यावर बाहेरून मार नाही. विक्रेता म्हणे अर्धे पैसे. त्यानंतर एकदम माणूस पाठवून सायकल उचलून नेली आणि पुढं दुसरी ४७ आली. ताईंना हवा होता लाल, आला करडा. "भांडू का रंगासाठी?" त्यांनी विचारलं. आबा तयार होते. ताईंनीच नको म्हटलं.

करड्या सायकलचं खोकंही इथंच उघडलं, या वेळी शेठजी पेपर न घेता शेजारी उभे. भिंतीला टेकून, अनवाणी, पायांमध्ये पुस्तक धरून ताईंच्या पायाचं माप घेतलं, ७१ सेंटिमीटर. त्याला ०.८८३ नं गुणलं की सीटची ढोबळ उंची मिळते, ६२.७. तिथून दोन मिलिमीटर खाली आणली. हँडल ३८ चं, क्रँक १६५ चा, स्टेम होता तोच राहिला. सीटपोस्टला कार्बन पेस्ट लावून क्लँपवर लिहिल्याप्रमाणे ५ न्यूटन मीटरला आवळला, हेडसेटची ढिलाई आधी वरच्या टोपीनं काढली, मग स्टेम घट्ट केला. हा क्रम उलटा करून आणि हातच्या अंदाजानं आवळून स्टीअरर, म्हणजे स्टेम जिला धरतो ती फोर्कची नळी, चेपलेल्या सायकली माझ्याकडे येतात, व्हिडिओ बघून घरी जोडलेल्या. ताईंना एवढंच बजावलं की लहान मापाच्या फ्रेमलाही चाक मोठ्या सायकलींइतकंच, ७०० चं, असल्यामुळे हळू वळताना बुटाचं टोक चाकाला लागू शकतं. तो दोष नाही, सवय करायची.

तपासणी, जोडणी आणि फिटिंगचे मिळून साडेचार हजार झाले. ताईंनी आकडा ऐकून लगेच मोबाइल काढला, घासाघीस नाही. शेठजींना याचीच गंमत वाटली. आमच्याकडून ५२ घेतली असती तर याच बाईंनी पाच हजार कमी करा म्हटलं असतं, आणि आम्ही केले असते, वर हेच सगळं काम फुकट. त्या संध्याकाळी त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला, ५२ वरची सूट, फुकट सर्व्हिस, कार्डाचं कमिशन, अडकलेल्या पैशाचं व्याज, सगळं मांडलं. काय उरलं ते मला सांगितलं नाही. कागद मात्र खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून भिंतीवर रेटबोर्ड लावला. पंक्चर, सर्व्हिसिंग, ब्रेकचं तेल, फिटिंग. शेवटची ओळ, 'ऑनलाइन सायकल जोडणी'. शेठजींचं म्हणणं, बाहेरून आणलेल्या सायकलीला दर दुप्पट. माझं म्हणणं, हात तोच, वेळ तोच, दरही तोच. यावर आमचं अजून जमलेलं नाही. पेंटरनं ओळ लिहिली, आकड्याची जागा मोकळी सोडली आणि तोवर शेठजी समोरच्याचं तोंड बघून भाव सांगतात.