तिथंच तर गोम आहे

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय एकच, वरची टाकी गळतेय ती कधी दुरुस्त होणार. सेक्रेटरी उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हे बघा, टाकीचं असं आहे की ती काय आज गळत नाहीये, म्हणजे गळतेय, नाही असं नाही, पण गळणं वेगळं आणि गळती लागणं वेगळं, आणि हा फरक एकदा आपण लक्षात घेतला की मग प्रश्न टाकीचा राहतच नाही, प्रश्न राहतो पाण्याचा, आणि पाणी तर आपल्या सगळ्यांचंच आहे." टाळ्या वाजल्या हो! मीपण वाजवल्या. घरी येऊन चपला काढताना लक्षात आलं की टाकी कधी दुरुस्त होणार ते राहिलंच.

हे मी जेवताना रंगवून सांगत होतो तर भाची, जी सध्या स्पॅनिश शिकतेय, ती हसत म्हणाली, "मामा, याला त्यांच्याकडे क्रियापद आहे. कान्तिन्फ्लेआर." म्हणजे भरपूर बोलायचं आणि काहीच सांगायचं नाही. आणि हे क्रियापद एका नटाच्या नावावरून आलंय. स्पॅनिश भाषेच्या अकादमीने १९९२ साली ते आपल्या शब्दकोशात घेतलं, तेव्हा तो नट जिवंत होता. आपल्या नावाचं क्रियापद झालेलं बघायला मिळणं म्हणजे काय भाग्य!

त्याचं खरं नाव मारिओ मोरेनो, पडद्यावरचं कान्तिन्फ्लास. जन्म १९११, मेक्सिको सिटी, वडील टपाल खात्यात, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. पोराने बूटपॉलिशपासून बॉक्सिंगपर्यंत सगळं करून पाहिलं आणि शेवटी जाऊन पोचला तो 'कार्पा'त. कार्पा म्हणजे तंबूतला खेळ, गरीब वस्त्यांच्या कडेला कापड ठोकून उभा केलेला, स्वस्तातलं तिकीट, गाणी, नाच, पांचट विनोद, आणि आवडलं नाही तर प्रेक्षक तोंडावर सांगणार. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत सोंगाड्याची जी परीक्षा व्हायची तीच ही. असं सांगतात की एकदा तो स्टेजवर वाक्य विसरला, तंतरली, आणि घाबरून जे तोंडाला येईल ते बडबडत सुटला. लोक आधी गप्प, मग हसून हसून बेजार. खरं-खोटं कोण जाणे, अशा गोष्टी प्रत्येक विनोदी नटाला चिकटलेल्या असतात, पण ही खोटी असली तरी चांगली आहे. बायकोही त्याला त्या तंबूतच भेटली, वालेंतिना, रशियन घरातली.

त्याचा अवतार एकदा बघाच. पँट कमरेच्याही खाली घसरलेली, दोरीने कशीबशी बांधलेली, आता पडते की मग पडते. डोक्यावर चुरगळलेली टोपी. मिशी म्हणाल तर ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत चार चार केस, मध्ये सगळं मोकळं मैदान. आणि खांद्यावर एक चिंधी, जिला तो मोठ्या ऐटीत 'गाबार्दिना' म्हणायचा, म्हणजे उंची ओव्हरकोट! (मला लगेच दादा कोंडक्यांची लोंबणारी नाडी आठवली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गरिबाच्या कमरेला काय बांधलंय यावर जगभर लोक हसतात हे मात्र खरं.) मेक्सिको सिटीत अशा माणसाला 'पेलादो' म्हणायचे, शब्दशः सोललेला, आपल्या भाषेत भणंग. शिवीच ती. याने त्या शिवीचा हिरो केला.

१९३६-३७ पासून छोटी-मोठी कामं मिळत होती, ते सोडू. १९४० ला आला 'आई एस्ता एल देताय्ये', दिग्दर्शक हुआन बुस्तिय्यो ओरो. या नावाचं मराठी भाचीने 'मुद्दा तिथेच आहे' असं केलं, मी म्हटलं छे, हे तर सरळ 'तिथंच तर गोम आहे'. गोष्ट अशी की हा पठ्ठ्या एका बंगल्यातल्या मोलकरणीच्या मागे, प्रेमापेक्षा स्वयंपाकघरासाठी जास्त. ती म्हणते आधी मालकाचा पिसाळलेला कुत्रा मार मग जेवायला देते. कुत्र्याचं नाव बॉबी. तेवढ्यात मालक येतो, संशयी माणूस, आणि मालकीणबाई वेळ मारून न्यायला सांगून टाकतात की हा माझा हरवलेला भाऊ. झालं, जावयासारखी बडदास्त सुरू. मग त्या खऱ्या भावाची बायको पोरांचं लटांबर घेऊन हजर होते, तो गोंधळ वेगळाच.

पण खरी मजा कोर्टात. गावात एका गुंडाचा खून झालेला असतो आणि त्याचंही नाव बॉबी. पोलीस याला उचलतात. कोर्टात विचारतात, बॉबीला तू मारलंस? हा म्हणतो, हो, मीच, पिसाळला होता ना. सगळं कोर्ट हादरतं आणि याला कळेना की एका कुत्र्यासाठी एवढे काळे कोट का जमलेत. मग त्याची गाडी सुटते. वाक्य सुरू होतं एका विषयावर, मध्येच दुसऱ्याचा हात धरतं, तिसऱ्याच्या घरात शिरतं आणि पूर्णविराम यायच्या आत स्वतःच विसरतं की आपण कुठे निघालो होतो. खाली इंग्रजी सबटायटल बिचारं धापा टाकत पळतंय, वर तीन ओळींचं बोलणं झालं की खाली चार शब्द. आणि शेवटी काय होतं, तर सरकारी वकील आणि न्यायाधीश दोघंही त्याच्यासारखंच बोलायला लागतात! त्या खुळचट बोलण्याची लागण होते त्यांना. मी तो तुकडा तीनदा पाहिला. आपण नेहमी बघतो ते उलट, की साहेबाची भाषा कानावर पडली की गरीब माणूस आपली वहाण शोधायला लागतो. इथे साहेबच हरवला.

भाचीने अजून एक दाखवलं जे मला सबटायटलमध्ये कधीच दिसलं नसतं. तो मोठ्या माणसाशी बोलताना आधी अहो-जाहो करतो, अगदी वाकून, आणि बोलता बोलता कधी अरे-तुरेवर घसरतो ते समोरच्यालाही कळत नाही. हे मराठी माणसाला पटकन कळतं बघा, इंग्रजीत सगळे 'यू'च, तिथे काय घसरणार!

पुढच्याच वर्षी, १९४१ ला, तो पडद्यावर पोलीस झाला, बिल्ला नंबर ७७७. दिग्दर्शक मिगेल देल्गादो, ज्याच्यासोबत त्याने पुढे जवळजवळ सगळेच सिनेमे केले. लॅटिन अमेरिकेत गर्दीच गर्दी. १९५३ ला तर चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या इन्सुर्हेंतेस थिएटरच्या दर्शनी भिंतीवर भलंमोठं चित्र केलं, त्यात मधोमध कान्तिन्फ्लास, एका बाजूच्या श्रीमंतांकडून घेतोय आणि दुसऱ्या बाजूच्या गरिबांना देतोय.

मग हॉलिवूड. १९५६ चा 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज', त्यात हा पासपार्तू, म्हणजे तोच नोकर जो ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत मुंबईत मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. लहानपणी ते वाचताना आमच्या मुंबईचं नाव आलं म्हणून कोण आनंद झाला होता! सिनेमाला ऑस्कर मिळालं, याला गोल्डन ग्लोब. जगभर पोस्टरवर मालक झालेल्या डेव्हिड निव्हनचं नाव वर आणि लॅटिन अमेरिकेत कान्तिन्फ्लासचं, म्हणजे मालक कोण नोकर कोण हे देश बघून ठरलं. पण मला विचाराल तर त्यात तो पळतो, उड्या मारतो, बैलाशी खेळतो, सगळं मस्त, फक्त बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण इंग्रजीत नीट वाक्यं बोलतो. कान्तिन्फ्लासने नीट वाक्य बोलायचं म्हणजे काय राहिलं! १९६० ला कोलंबिया या सिनेमा कंपनीने त्याला घेऊन 'पेपे' काढला, फ्रँक सिनात्रापासून किती स्टार तोंड दाखवून गेले, तरी तो आपटला. कोट्यांचं भाषांतर होत नाही हो.

परत घरी आला तो जरा वेगळाच. पाद्री झाला, डॉक्टर झाला, १९६७ च्या 'सु एक्सेलेन्सिया'त एका बारक्या देशाचा मुत्सद्दी होऊन महासत्तांना लांबलचक भाषण ठोकलं. लोकांना ते भाषण फार आवडतं, अजून फिरतं इंटरनेटवर. मला थोडं जड गेलं. म्हणजे मुद्दे बरोबर आहेत सगळे, पण तीच तर पंचाईत, की आता याच्या बोलण्यात मुद्दे यायला लागले. १९७८ ला परत ७७७ नंबरचा पोलीस केला पण आता तो आदर्श पोलीस, उपदेश करणारा. पँटही वर आली होती बहुतेक. शेवटचा सिनेमा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यात तो सफाई कामगार, ते एक बरं केलं.

२० एप्रिल १९९३ ला गेला, फुप्फुसाचा कॅन्सर. पावसात हजारो लोक रांगेत उभे, तीन दिवस निरोप चालला. आणि मग सिनेमांच्या हक्कांवरून मुलगा आणि पुतण्या कोर्टात गेले, मध्ये कोलंबिया कंपनीही आली, आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. वकील बोलतायत, न्यायाधीश ऐकतायत, तारीख पडतेय. मला राहून राहून वाटतं की त्यातल्या एखाद्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, कुणीतरी एक वकील उठला असेल, वाक्य सुरू केलं असेल, आणि अर्ध्यात आल्यावर त्याच्या लक्षात आलं असेल की आपण कुणासारखं बोलतोय.

टाकी अजून गळतेय. पुढची मीटिंग पंधरा तारखेला आहे, जाणार आहे मी.