सांगायचा पिक्चर

एखादा भारी पिक्चर बघितला की तो कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यातून तो जपानी किंवा इराणी असेल तर विचारूच नका. पूर्वी मी लिंक पाठवायचे, खाली 'नक्की बघ' लिहायचे, समोरून अंगठा यायचा आणि विषय तिथेच संपायचा. अंगठा दाखवणाऱ्यांपैकी कुणी तो पिक्चर बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आता मी लिंकच पाठवत नाही, सरळ बसून गोष्ट सांगते, शेवटासकट. स्पॉइलर स्पॉइलर म्हणून ओरडणारे तसेही बघणार नसतात.

आणि काही पिक्चर सांगायला इतके मस्त असतात! जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एडाचा 'आफ्टर लाइफ' घ्या, १९९८ चा. माणसं मेल्यावर एका जुनाट शाळेसारख्या इमारतीत येतात, स्वर्ग नाही की यमदूत नाहीत, आपल्या पंचायत समितीच्या ऑफिसात असावीत तशी टेबलं-खुर्च्या आणि फाइली घेऊन बसलेली माणसं. ते सांगतात, तुमच्या आख्ख्या आयुष्यातली फक्त एक आठवण निवडा, आम्ही तिचं शूटिंग करू, ती बघितली की तुम्ही पुढे जाल आणि मग कायमची तेवढीच आठवण तुमच्यासोबत राहील, बाकी सगळं पुसलं जाईल. बास, एवढीच कल्पना. पण मग त्यात गंमत काय काय आहे, एकाला विमानातून दिसलेले ढग हवे असतात तर स्टाफ बिचारा कापसाचे ढग करतो, शाळकरी पोरगी आधी डिस्नेलँड म्हणते, तिला हळूच सांगतात की तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलींनी तेच निवडलंय, मग ती विचार करून आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्याची आठवण घेऊन येते. आणि एक ७१ वर्षांचे आजोबा, ज्यांना काही सुचतच नाही, त्यांना ७१ व्हिडिओ टेप आणून देतात, वर्षाला एक, घ्या, बसा बघत.

हे सगळं मी आईला सांगितलं ते ती गवार मोडत बसली होती तेव्हा. ऐकलं, दोन-चार शेंगा मोडल्या आणि म्हणाली, 'मसाला डोसा.' मला वाटलं संध्याकाळचा बेत सांगतेय. तर नाही, पहिला पगार झाला त्या दिवशी ती ऑफिस सुटल्यावर एकटीच हॉटेलात गेली होती, पंख्याखालचं टेबल बघून बसली, डोसा मागवला आणि कुणाला एक घासही न देता पूर्ण खाल्ला, वर कॉफी. घरी पाच भावंडं, अख्खं काही कधी वाट्याला आलेलं नव्हतं. म्हणजे लग्न नाही, माझा जन्म नाही, डोसा! मी जरा रुसले पण. बाबा हॉलमधून म्हणाले, हे मला कधी बोलली नाहीस, तर ही म्हणते तुम्ही कधी विचारलंत? बाबांचं स्वतःचं मात्र ७१ टेपवाल्या आजोबांसारखं झालंय, अजून काही ठरत नाहीये.

पुढे तिने तो प्रश्न भिशीत नेला. एक काकू रडल्या, दोघींची माहेरच्या विहिरीवरून चढाओढ लागली, एक जण ठणकावून म्हणाली मी नाही निवडणार जा, आणि पिक्चरमध्येही एक तरुण पोरगा अगदी असाच अडून बसतो हे त्यांना कुणाला माहीतही नव्हतं कारण पिक्चर त्यांच्यापैकी कुणीच बघितलेला नाही. खरं तर तो बनलाय पण असाच, कोरे-एडाने आधी पाचशेहून जास्त लोकांना हाच प्रश्न विचारून घेतला होता, आणि त्यातले काहीजण पिक्चरमध्ये स्वतःची खरी आठवण सांगताना दिसतात, नट कुठला आणि साधा माणूस कुठला ते बघताना कळत नाही.

इराणी दिग्दर्शक माजिद माजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' तर कुठल्याही पोराला सांगा, भावाबहिणीत बुटांचा एकच जोड, सकाळी ती घालणार दुपारी हा, आणि शर्यतीत तिसऱ्या नंबराला बूट मिळणार म्हणून जिवाच्या आकांताने पळणारा अली पहिला येऊन रडतो इथपर्यंत आलात की समोरचं पोरगं हमखास जागेवर उभं राहतं. जपानच्याच कुरोसावाचा 'इकिरू' रिटायर्ड लोकांसाठी राखीव. त्यात वस्तीतल्या बायका डबक्याची तक्रार घेऊन येतात आणि त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवून फिरवून शेवटी पुन्हा पहिल्याच खिडकीवर पाठवतात, हे सांगितलं की पुढची वीस मिनिटं आपल्याला बोलायला मिळत नाही, ज्याचे त्याचे तहसील कचेरीचे किस्से सुरू होतात. १९५२ चा पिक्चर आहे बरं का.

पण सगळेच सांगता येत नाहीत. जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' मी मावशीला सांगायला गेले, म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला जातात, मुलांना वेळ नसतो, परत येतात, मग आई जाते. मावशी म्हणाली, यात नवीन काय, आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक हेच आहे. बरोबरच आहे तिचं. तो बघावाच लागतो, ओझूचा कॅमेरा जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला असतो, आपण पण मग त्या घरात चटईवर बसून कुणी काही बोलतंय का याची वाट बघत राहतो.

म्हणून तो आईला धरून बसवून दाखवला. 'पॅरासाइट'वाला कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो २०२० च्या गोल्डन ग्लोबला म्हणाला होता की सबटायटलचा एक इंचाचा अडथळा ओलांडला की केवढे तरी चांगले पिक्चर सापडतील, हे त्याचं खरं असलं तरी तो इंच चष्म्याच्या नंबरवर पण अवलंबून असतो, त्यामुळे मीच शेजारी बसून मराठीत वाचून दाखवत होते, दोन तास सोळा मिनिटं, घसा बसला. मुलं म्हाताऱ्यांना आतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवतात, रात्रभर शेजारी पत्त्यांच्या अड्ड्यासारखा माजाँगचा गोंगाट, सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसलेली आणि उठताना म्हातारीला चक्कर येते. आई एवढंच म्हणाली, 'पैसे भरून कटवलं.' मग मला वाचायचंच सुचेना थोडा वेळ, तिने कोपराने ढोसलं.

पुढच्या भिशीत तिने तो स्वतः सांगितला, मी चहा द्यायच्या निमित्ताने दारात उभी होते. आतामीचं महाबळेश्वर झालं होतं, माजाँगची रमी झाली होती. पोटची मुलगी फटकळ आणि विधवा सून मात्र जीव लावणारी, हे ओझूचंच आहे, तिने त्यात काही बदल केला नाही, उलट दोनदा सांगितलं, कारण समोर आत्या बसली होती.