पीमा पॉइंटवर ऐकलेली नदी

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर आलं की बहुतेक जण आधी मेदर पॉइंट गाठतात. आम्हीही तेच केलं. सेल्फीसाठी कठड्यापाशी एवढी झुंबड, की आईला पुढे जायला जागा मिळेना. मला मनापासून राग आला. समोर एवढी दरी पसरलेली आणि सगळे तिच्याकडे पाठ करून उभे!

यावापाईच्या भूशास्त्र संग्रहालयात मात्र आम्ही रमलो. एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटनने इथल्या एका शिखराला ‘विष्णू टेंपल’ नाव दिलं. आईने ते काचेतून शोधून काढलं आणि हात जोडले. तळाच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव, वय १७० कोटी वर्षांच्या आसपास. आपल्या सह्याद्रीचा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांचा. इथे पायाखालचा सगळ्यात वरचा चुनखडक २७ कोटींचा, म्हणजे इथला सर्वांत तरुण थरसुद्धा सह्याद्रीच्या चौपट वयाचा.

मार्च ते नोव्हेंबर कड्याच्या काठाने जाणाऱ्या हर्मिट रोडवर खासगी गाड्या नेता येत नाहीत, पार्कची मोफत बस असते. पॉवेल, होपी, मोहावे हे पॉइंट चढ-उतारातच गेले.

पीमा पॉइंटवर एका टोळक्याने स्पीकरवर गाणी लावली होती. असल्या जागी हा धिंगाणा का घालावा, मला खरंच कळत नाही. बस आली, ते गेले. आम्ही थांबलो. कड्याच्या कपारीत ज्युनिपरचं एक पिळवटलेलं झाड होतं, साल उभ्या पट्ट्यांनी सुटलेली. आई त्याच्या सावलीत टेकली.

“अरे, पाणी वाजतंय का?”

“वारा असेल गं.”

“वारा नाही. नीट ऐक.”

झुळूक थांबली तेव्हा मलाही ऐकू आलं. सलग, बारीक घोंघावणं. सव्वा किलोमीटरहून जास्त खोल कोलोरॅडो नदीची मातकट पट्टी दिसत होती आणि एका वळणावर पांढरा फेस. जे दिसत होतं, त्यातलं बहुतेक याच पाण्याने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरलं आणि ते काम अजून चालू आहे. आईचे डोळे भरून आले, माझेही. आम्ही तीन बसगाड्या जाऊ दिल्या.

डेझर्ट व्ह्यूचा वास्तुविशारद मेरी कोल्टरने बांधलेला १९३२ चा मनोरा सुंदरच आहे, पण तोवर मन भरलं होतं. वेळ कमी असेल तर मधले पॉइंट खुशाल सोडा. पीमाला मात्र निवांत बसाच. परतीची बसही तिथे थांबते.